शाळा सोडल्याचे कारण

वडिलांचा म्हाळ मंगळवारी आटोपला आणि बुधवारी सकाळी मी गावच्या शाळेत गेलो, तर शाळेला कुलूप. तारीख २५ सप्टेंबर २०२४. राज्यभरातल्या प्राथमिक शिक्षकांनी त्या दिवशी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले होते, पण डोंबिवलीत राहून मला त्याची खबर असायचं काही कारण नव्हतं. शाळेच्या पडवीत दोन पोरं खडे मांडून बसली होती. "सर मोर्च्याला गेले," एक म्हणाला. मग जरा थांबून, मला दिलासा द्यावा तसं, "उद्या येतील. भातपण उद्याच शिजनार."

माझं काम तसं साधं होतं. लेक बारावीला आहे. तिच्या जातपडताळणीसाठी आजोबांचा पुरावा हवा, तोही १९६७ च्या आधीचा. ओबीसींच्या प्रकरणात १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख आडवी पडलेली असते. आमच्यासारख्या घरात इतका जुना कागद दोनच ठिकाणी सापडतो, एक सातबारा आणि दुसरं शाळेचं जनरल रजिस्टर. सातबाऱ्यावर जात नसते. मग उरतो शाळेचा निर्गम उतारा. मुंबईला गेलेली निम्मी माणसं शाळेत परत पाय ठेवतात ती या उताऱ्यासाठीच. मीही त्यातलाच. एकोणचाळीस वर्षांत गणपतीला आलो, शिमग्याला आलो, पण शाळेची पायरी चढलो नव्हतो.

गुरुवारी शाळा उघडी होती. आमच्या वेळी गुरुजी असत, आता सर असतात. हे सर मूळचे नांदेडकडचे, चाळिशीच्या आसपासचे, आणि मुलांच्या बोलण्यात त्यांचं 'लई' चांगलंच मुरलेलं. त्यांनी लोखंडी कपाटातून तीन रजिस्टरं काढली. सर्वांत खालचं कापडी पुठ्ठ्याचं, पानं बिस्किटासारखी झालेली. "हळू उलटा दादा," ते म्हणाले, "कोपरा मोडला की एखाद्याची जन्मतारीख जाते."

जनरल रजिस्टर कुणी वाचायला घेत नाही. नाव शोधतात, ओळ उतरवतात, मिटतात. मी मात्र वाचत बसलो, कारण वडील सापडेपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती, वर्तणूक, आणि उजवीकडे अरुंद रकाना, 'शाळा सोडल्याचे कारण'. वर्तणूक सगळ्यांचीच 'बरी'. कारणं मात्र बघण्यासारखी. 'मुंबईस गेला.' 'मुंबईस गेला.' 'सतत गैरहजर.' 'मुंबईस गेला.' मुलींच्या ओळीत 'घरकामास' आणि 'लग्न झाल्याने'. एका पानावर बावीस नावं होती, त्यात 'इ. ७ वी पास' असं कारण दोघांचंच. एके ठिकाणी नुसतं 'मयत', आणि ते लिहिताना टाक जरा जास्त वेळ टेकला असावा, शाई पसरलेली.

वडील सापडले. जून १९५५ ला दाखल, १९६१ ला सहावीतून नाव कमी. कारण, मुंबईस गेला. तेरा-चौदा वर्षांचं पोर. पुढे गिरणीत लागले, जानेवारी १९८२ च्या संपानंतर गावी परतले आणि उरलेलं आयुष्य 'माझी सातवी राहिली' हे वाक्य दर दोन-चार दिवसांनी म्हणत राहिले. आम्हाला वाटायचं, इतकं काय त्या सातवीचं? त्या काळी सातवी पास झालेला माणूस तलाठी होऊ शकायचा, शिक्षक होऊ शकायचा, निदान त्याला सही कुठे करायची हे कुणी बोट ठेवून दाखवायचं नाही. सहावी, सातवी, आठवी हा जो मधला तुकडा आहे ना, गावातलं मूल तिथेच गळतं. पहिली-दुसरीला सगळीच जातात. दहावीपर्यंत पोहोचलेलं सहसा पुढे रेटतं. मधल्या तीन वर्षांत जे सुटतं ते सुटतंच.

या मधल्या इयत्तांसाठी दापोलीजवळच्या मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेलेल्या मुलाची गोष्ट आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांत वर्षानुवर्षं सांगतात. धोंडो केशव कर्वे, पुढचे महर्षी. सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री चढून गेले आणि तिथे परीक्षकांनी, तुझं वय सतराचं दिसत नाही, म्हणून परत पाठवलं. आम्हाला ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली. आता वाटतं, ती आधी अंतराची गोष्ट आहे. परीक्षा साताऱ्याला होती म्हणून चालावं लागलं. ती दापोलीत असती तर गोष्टच झाली नसती, आणि परत आलेल्या इतरांची गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही.

दुसरं रजिस्टर मी स्वतःहूनच उघडलं. १९८० ला दाखल, १९८५ ला पाचवी पास होऊन शाळा सोडली. माझ्या वर्गात तेव्हा बत्तीस मुलं होती, चार वाड्यांची. काकांची परळला खोली होती, आणि वडिलांच्या डोक्यात ती राहिलेली सातवी. कारणाच्या रकान्यात गुरुजींच्या वळणदार अक्षरात 'पालकाच्या विनंतीवरून'.

"किती पट आहे सर आता?"

"पहिली ते आठवी एक्केचाळीस. सहावी ते आठवी सतरा." त्यांनी लगेच फोड करून सांगितली, सहावीत सहा, सातवीत चार, आठवीत सात. नावंही सांगितली असती.

पट हा शब्द शाळेबाहेरच्या माणसाला कोरडा वाटतो. शिक्षकाच्या तोंडी तो रक्तदाबासारखा येतो. ३० सप्टेंबरला शाळेत किती मुलं आहेत, त्यावर संचमान्यता होते. म्हणजे पुढच्या वर्षी किती शिक्षक मंजूर, हे ठरतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांचे वेगवेगळे शिक्षक असावेत असं सरळ लिहिलेलं आहे, आणि हे वर्ग मुलाच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत हवेत असं नियम सांगतात. १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय म्हणतो की या वर्गांचा पट वीसच्या खाली असेल तर शिक्षक मंजूर नाही. एक नाही, दोन नाही, शून्य. बुधवारचा मोर्चा बराचसा याच शून्याबद्दल होता.

"मग या सतरांचं काय?" मी विचारलं.

"मुलं आहेत तिथेच राहणार. पद जाणार. मी अतिरिक्त होणार, समायोजन होऊन दुसरीकडे जाणार. खालच्या वर्गांना दोन शिक्षक आहेत, ते पाचवीपर्यंतचं बघून यांनाही बघणार. किंवा पालक दाखले काढतील." मग थोडं हसून, "दुसरंच जास्त सोपं आहे ना."

हे अर्थातच एका रात्रीत आलेलं नाही. दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत पाठवायची घोषणा २०१७ च्या अखेरीस झाली होती. २०२३ मध्ये समूहशाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, प्रस्ताव आला, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन. तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांचा आकडा बाहेर आला, मुलं १ लाख ८५ हजारांवर. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा. मुंबईत बसून हिशेब करणाऱ्याला हे परवडत नाही असं वाटणं मी समजू शकतो. चार मुलांच्या वर्गात गटकार्य होत नाही, कबड्डीचा संघ होत नाही, भांडायला पुरेशी माणसंही नसतात. मोठी शाळा, प्रयोगशाळा, न्यायला-आणायला गाडी, हे सगळं वाईट आहे असं म्हणणारा मी नाही. पण आमच्याकडे तीन किलोमीटर म्हणजे नकाशावरचे तीन किलोमीटर नसतात. मधे दोन पऱ्ये, एक साकव, आणि सड्यावरून येताना संध्याकाळी बिबट्या दिसल्याची दर आठवड्याला नवी बातमी. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण पास फुकट असला तरी गाडी यावी लागते. जुलैत साकवावरून पाणी गेलं की वस्तीची गाडी अलीकडच्याच गावात वस्ती करते.

आणि शंका घ्यायला सरकारलाही जागा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, मतदानासारखी मुलांच्या बोटाला शाई लावून. कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत. तुकड्या, पदं, अनुदान, तांदूळ, सगळं त्या नसलेल्या मुलांच्या नावावर चाललेलं. तेव्हापासून पट म्हटलं की वरचा माणूस आधी संशयानं बघतो. मग मुलांची नोंद ठेवणारं 'सरल' पोर्टल आलं, आधार आलं. इथे सतरा मुलं खरीखुरी आहेत, त्यातल्या दोघांच्या आधारातलं नाव आणि रजिस्टरमधलं नाव जुळत नाही, तर पोर्टलवर ती पंधराच.

तेवढ्यात आठवीचे सातजण 'झालं सर' म्हणून ओरडले. सर एकाच खोलीत तिन्ही इयत्ता घेत होते. आठवीला स्वाध्याय, सहावीला वाचन, आणि सातवीचे चारजण फळ्यासमोर. त्यांनी मला खुर्ची दिली. मी मागे बाकावर बसलो. बाक तेव्हा नव्हते, तेवढी सुधारणा आहे.

फळ्यावर ७४२ भागिले ७. मुलगा हुशार दिसत होता, हात झरझर चालत होता. सात एके सात. वजाबाकी शून्य. चार खाली घेतला. चाराला सात जात नाही. दोन खाली घेतला. बेचाळीस, सात सख बेचाळीस. उत्तर सोळा. खडू ठेवून तो मागे वळला आणि सरांच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं की काहीतरी चुकलंय, काय ते कळलं नाही.

"सात सोळे किती?"

"एकशे बारा."

"आणि तुझ्याकडे होते किती?"

"सातशे बेचाळीस."

"मग सहाशेतीस कुठं गेले रे? मधल्या मधे कुणी खाल्ले?"

वर्ग हसला. तोही हसला. सरांनी त्याला उत्तर सांगितलं नाही. पाटीवर सातशे बेचाळीस रुपये सातजणांना वाटायला लावले, आधी शंभराच्या नोटा, मग दहाच्या. दहाच्या चार नोटा आणि माणसं सात. "एकेकाला दहाची नोट किती मिळाली?" "मिळाली नाही सर." "मग 'मिळाली नाही' कुठं लिहिलंस?" पोरगं फळ्याकडे बघत राहिलं. मग एक आणि सहा यांच्या मधे, दाटीवाटीनं, त्यानं शून्य घुसवलं. या सगळ्याला बारा मिनिटं लागली. तोवर सहावीचं वाचन थांबलं होतं आणि आठवीतली दोघं खिडकीतून बाहेर माकडं मोजत होती.

तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं, ग्रामीण मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या 'असर'ची पाहणी करणारे गावोगाव मुलांना हेच देतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात आठवीतली ४५.८ टक्के मुलं ते करू शकली. हा आकडा वर्तमानपत्रात आला की सरकारी शाळांच्या नावानं शंख होतो. मी आजवर तो करणाऱ्यांपैकी होतो. आता त्या टक्क्यांत मला बारा मिनिटं दिसतात. एक शिक्षक, तीन इयत्ता, आणि एका मुलाचा एक शून्य शोधायला बारा मिनिटं. ती मिळाली तर त्याला भागाकार येतो. सरांच्या मोबाइलवर तेवढ्यात केंद्रप्रमुखांचे दोन मेसेज आले होते, माहिती तातडीने भरा.

दुपारी खिचडी शिजली. वरच्या वर्गाला माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ, खालच्यांना शंभर. भिंतीवर गेल्या वर्षी 'एनएमएमएस' शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलीचं नाव ऑइलपेंटनं लिहिलंय. नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात. सरांनी ते नाव दोनदा दाखवलं. येताना एकदा, जाताना एकदा.

"शिरूरकडच्या वाबळेवाडीला बघा ना," मी म्हटलं. शहरातल्या माणसाकडे एक यशाची गोष्ट खिशात असतेच. "जिल्हा परिषदेचीच शाळा. प्रवेशाला रांग लागते म्हणे."

सर चिडले नाहीत. "मी जाऊन आलोय तिथं. चांगलंच काम आहे. पण दादा, तिथं आसपास पोरं आहेत हो. तुम्ही स्टँडपासून चालत आलात, रस्त्यात किती पोरं दिसली?"

एकही नव्हती. म्हातारी माणसं दिसली, बंद घरं दिसली, निसवलेलं भात दिसलं. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ १७ लाख होती, २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. देश वाढत असताना आम्ही कमी झालो. त्यात आता महाराष्ट्रात बाईमागे सरासरी दोनही मुलं नाहीत. वाडीतलं शेवटचं बारसं कधी झालं, हे गावात लोकांना तारखेसकट आठवतं.

"आणि जी आहेत," सर म्हणाले, "ती सकाळी पावणेआठला पिवळ्या व्हॅनमधून जातात. चौदा आहेत. त्यातली पाच सहावी ते आठवीतली." गुढीपाडव्याला 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणत ते घरोघर फिरले होते. चहा सगळीकडे मिळाला.

सतरा आणि पाच किती, हे मी त्यांना विचारलं नाही. कारण त्या पाचांत एक माझी पुतणी होती.

संध्याकाळी पडवीत धाकट्या भावाच्या बायकोपाशी विषय काढला. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, सर चांगले आहेत, शाळा दारात आहे, व्हॅनचे महिना बाराशे वाचतील. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"भावोजी, तुमची पोरं कुठच्या शाळेत?"

एवढंच. सूप हलवत राहिली. माझी दोन्ही मुलं सीबीएसईला. खडा फेकायला तिनं हात वर केला तेव्हा मला उगाच वाटलं, माझ्याकडेच येतोय. मग तीच म्हणाली, "सर चांगलेत ना, माझं काय म्हननं नाय. पन उद्या सरांची बदली झाली मंग? माझी पोरगी काय मधल्या मधे लटकवू?" सरांनी आंतरजिल्हा बदलीसाठी अर्ज केलाय, हे तिलाही ठाऊक होतं. नांदेडला त्यांची आई एकटी आहे.

शिक्षक टिकणार नाही म्हणून ती मूल पाठवत नाही, आणि मूल येत नाही म्हणून शिक्षक टिकत नाही. मला यात तिची चूक काही केल्या सापडली नाही. माझ्या वडिलांचीही सापडली नव्हती.

पुतणीला सहज ७४२ भागिले ७ दिलं. तिनं एकशेसहा बरोबर काढलं, इंग्रजीत पुटपुटत. मी विचारलं, शाळेत शिकवलं का असं? "नाही काका, शिकवणीला." शिकवणी कुणाकडे? खालच्या वाडीतल्या गुरुजींकडे. आमच्या याच शाळेतून निवृत्त झालेले. महिना तीनशे.

शुक्रवारी उतारा घ्यायला गेलो. वडिलांची ओळ सरांनी स्वतःच्या हातानं उतरवली होती, 'मुंबईस गेला' सकट. जावक क्रमांक, सही, गोल शिक्का. शिक्क्यावर फुंकर मारत म्हणाले, "जपून ठेवा. शाळा बंद झाली तर रजिस्टरं केंद्रशाळेत जातील. तिथं शोधणं अवघड."

दाराशी एक माणूस चपला काढून उभा होता. सहावीतल्या एका मुलाचा बाप. चिपळूणला रिक्षा चालवतो, तिकडेच खोली घेतली, दाखला हवा होता.

"सोमवारी तीस तारीख आहे," सर म्हणाले. "मंगळवारी न्या ना. चार दिवसांनी काय बिघडतं?"

"मालक उद्या चावी देतोय सर. सामान भरलाय टेंपोत."

सर काही क्षण तसेच बसले. मग माझ्याकडे बघून, मला नाही तर स्वतःलाच सांगावं तसं म्हणाले, "तसंही सतरा काय आणि सोळा काय." तिसरं रजिस्टर ओढून घेतलं, पान काढलं, पट्टी लावली. मुलाचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक 'चांगली'. उजवीकडच्या अरुंद रकान्यापाशी पेन थांबलं.

"कारण काय लिहू?"

बाप ओशाळून हसला. "तुमीच लिवा सर, काय ता."

सरांनी लिहिलं, 'पालकाच्या विनंतीवरून'. अक्षर माझ्या गुरुजींइतकं वळणदार नव्हतं.